लिव्हिंग विल: काय लिहायचं आणि कुठे अडतं

लिव्हिंग विल म्हणजे इच्छामरणाचा अर्ज, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. स्वतः सांगता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला तो कागद. भारतात डॉक्टरकडे मरण मागता येत नाही. प्राणघातक औषध देऊन आत्महत्येला मदत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. उपचार नाकारता मात्र येतात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया बरीच सोपी केली.

आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. वारसदाराची सही नसलेलीच बरी. आपल्या वतीने निर्णय घेणारी एकाहून अधिक माणसं नेमा. एकच नेमलं आणि ते परगावी असलं, की सगळं थांबतं. प्रती त्यांच्याकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. लॉकरमधला कागद रात्री दोन वाजता आयसीयूत पोचत नाही.

सगळ्यात जास्त घोळ भाषेत होतो. ‘उगाच हाल नकोत’ या वाक्यावरून डॉक्टर काय ठरवणार? मजकूर संदिग्ध असेल तर निर्णय घेणारं डॉक्टरांचं मंडळ तो अंमलात आणत नाही. म्हणून नेमकं लिहा: बरं होण्याची आशा नसेल तर सीपीआर (थांबलेलं हृदय छाती दाबून चालू करणं), व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यांपैकी काय नको, आणि वेदना व धाप यांसाठी मॉर्फिन हवं.

वेळ आली की रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ (उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ) उपचार थांबवावेत का, यावर शक्यतो ४८ तासांत मत देतं. मग ते मत तपासायला दुय्यम मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. लिव्हिंग विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीने हीच वाट खुली आहे.

व्हेंटिलेटर न लावणं आणि लावलेला काढणं, नीतीच्या दृष्टीने एकच. मनाला ते पटत नाही, हे खरं. पण ‘एकदा लावला की काढता येणार नाही’ या भीतीपोटी, ज्याला चार दिवस लावून पाहायला हवा होता त्यालाही तो मिळत नाही, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे ‘डामा’, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. कायद्याची वाट असताना घरच्यांची सही घेऊन रुग्णाला घरी पाठवतात, मॉर्फिनशिवाय, आणि तो धापा टाकत जातो. योग्य मात्रेत, त्रास पाहत वाढवलेलं मॉर्फिन धाप कमी करतं, जीव घेत नाही. घरी न्यायचंच असेल तर मॉर्फिनची चिठ्ठी, डोस कोण देणार आणि रात्री फोन कुणाला करायचा, हे रुग्णालय सोडण्याआधी लिहून घ्या.