मंडळाची समई आणि डब्ल्यूमोड

मागच्या रविवारी मंडळाच्या काकांचा फोन. "अरे तू ती वेबसाईट केली होतीस बघ, समई हलायची ती, ती उघडत नाही रे आता. यंदा पन्नासावं वर्ष आहे, जुनं सगळं गोळा करतोय, तेवढी परत दिसू दे की." म्हटलं काका ते फ्लॅशमध्ये होतं (वेबपानावर हलती चित्रं दाखवायचं जुनं सॉफ्टवेअर), फ्लॅश गेलं. तर म्हणाले, "गेलं म्हणजे कुठे गेलं? तुझ्याकडे सीडी असेल ना." आता यांना काय सांगणार. आणि सीडी होती हो खरंच, माळ्यावरच्या खोक्यात, फक्त सीडी वाचायला ड्राईव्ह कुणाकडे आहे हे शोधण्यात दोन दिवस गेले.

२००५ साल. मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला, आणि दुपारनंतर पुण्यात एका छोट्या ऑफिसात वेबसाईट करायला जायचो. तीन कॉम्प्युटर, एक डायलअपवरून नुकतंच ब्रॉडबँड झालेलं कनेक्शन आणि फ्लॅश एमएक्स २००४. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न "इंट्रो आहे ना?" म्हणजे साईट उघडताच आधी दिसणारी ती हलती सुरुवात. बाकी साईटवर चार पानं का असेनात, इंट्रो हलली पाहिजे. मंडळाच्या इंट्रोत मी समई काढली होती, ज्योत लवलवायची, वरून झेंडूची फुलं पडायची, मागे आरती, आणि शेवटी बाप्पा हळूहळू उजळत यायचे. तेव्हा मला त्याचा भयंकर अभिमान होता. (आताही आहे थोडा.)

सीडीवर एफएलए नव्हती, म्हणजे मूळ फाईल गायब. होती फक्त ३४० केबीची एसडब्ल्यूएफ (म्हणजे प्लेअरमध्ये चालणारी तयार फाईल), तिला चिकटलेलं एचटीएमएल पान आणि एक टेक्स्ट फाईल. फाईल धड आहे का बघायला नोटपॅडमध्ये उघडली, पहिली तीन अक्षरं सीडब्ल्यूएस दिसली, जीव भांड्यात पडला. एफडब्ल्यूएस असेल तर साधी, सीडब्ल्यूएस असेल तर दाबून बसवलेली, हे एवढं अजून डोक्यात होतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

मग ते एचटीएमएल पान उघडलं आणि सगळं धडाधड आठवायला लागलं. कंट्रोल शिफ्ट एफ१२ दाबलं की पब्लिश सेटिंग्जची खिडकी यायची, तिच्यात एचटीएमएलचा टॅब, आणि तिथे लूप, डिस्प्ले मेनू, डिव्हाईस फॉन्ट, क्वालिटी, विंडो मोड, स्केल असल्या टिका नि ड्रॉपडाऊन. आम्ही सगळे डोळे झाकून पब्लिश दाबायचो. फ्लॅश पान बनवून द्यायचं, त्यात सगळं दोनदा लिहिलेलं असायचं, एकदा ऑब्जेक्ट टॅगमध्ये पॅरम (सेटिंगची ओळ) म्हणून (इंटरनेट एक्सप्लोररसाठी) आणि एकदा त्याच्या पोटातल्या एम्बेड टॅगवर (नेटस्केप, फायरफॉक्स वगैरेंसाठी). आता यात माझा ठरलेला घोळ असा की हाताने बदल करताना मी पॅरम बदलायचो आणि एम्बेड विसरायचो, मग ऑफिसात सगळं बरोबर आणि ज्याच्या घरी फायरफॉक्स त्याच्याकडे समईमागे पांढरा चौकोन. पुन्हा फोन, पुन्हा एफटीपीने फाईल सर्व्हरवर चढवा.

तो पांढरा चौकोन म्हणजे डब्ल्यूमोड, पब्लिश सेटिंग्जमधला तो विंडो मोड. डिफॉल्टला विंडो असायचं, म्हणजे फ्लॅश स्वतःची वेगळी खिडकी घेऊन पानाच्या डोक्यावर बसणार, तुम्ही झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर, त्याचा आकडा) नऊशे नव्व्याण्णव द्या नाहीतर नऊ हजार द्या, मेनू त्याच्या खालीच जाणार. मंडळाच्या साईटवर "कार्यक्रम" वर माऊस नेला की ड्रॉपडाऊन उघडायचा तो समईच्या मागे, अर्धाच दिसायचा. ओपेक केलं की मेनू वर येतो, ट्रान्स्परंट केलं की मागचं पानही आरपार दिसतं. मला पानाचा केशरी रंग समईमागे हवा होता म्हणून मी ट्रान्स्परंट ठेवलं, आणि त्या काळच्या मशीनवर ते जड जायचं, ज्योत अडखळत लवलवायची. नुसता बॅकग्राउंडचा रंग तोच केशरी देऊन ओपेक ठेवलं असतं तर काम झालं असतं, पण हे शहाणपण मला दोन वर्षांनी आलं.

स्केलची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. चार पर्याय. शोऑल म्हणजे चित्राचं प्रमाण राखून बसवा, जागा उरली तर उरू दे. नोबॉर्डर म्हणजे जागा भरा, कडा कापल्या गेल्या तरी चालतील. एक्झॅक्टफिट म्हणजे काही झालं तरी चौकटीत कोंबा. नोस्केल म्हणजे आहे तेवढंच राहू दे. आमच्या सरांना पान कडेपासून कडेपर्यंत भरलेलं पाहिजे होतं, म्हणून रुंदी उंची दोन्ही १०० टक्के आणि एक्झॅक्टफिट. ऑफिसातल्या चौकोनी मॉनिटरवर छान दिसलं. मग मंडळातल्या एकाने नवीन रुंद स्क्रीनचा लॅपटॉप घेतला, आणि बाप्पा आडवे पसरले. समई एकदम बुटकी झाली. काकांचा फोन, "मूर्ती बदललीस का रे?"

आणि आवाज. फ्लॅशमध्ये आवाज लावताना त्याला इव्हेंट ठेवायचं की स्ट्रीम हे ठरवायला लागायचं. स्ट्रीम टाईमलाईनला, म्हणजे फ्रेम्सच्या क्रमाला, बांधलेला असतो, इव्हेंट एकदा सुटला की सुटला, तो पूर्ण वाजूनच थांबणार. मी ठेवला इव्हेंट आणि पब्लिशमध्ये लूपची टिक तशीच. इंट्रो चाळीस सेकंदांची, आरती दोन मिनिटांची. म्हणजे पहिली आरती चालू असताना इंट्रो परत सुरू, दुसरी आरती तिच्यावर, मग तिसरी, सगळ्या वेगवेगळ्या ठिकाणी, विसर्जनाच्या रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्या मंडळांसारख्या. लूपची टिक काढली की पानापुरतं थांबतं, पण एसडब्ल्यूएफ कुणी थेट उघडली तर पुन्हा तेच, त्यामुळे खरा इलाज म्हणजे शेवटच्या फ्रेमवर स्टॉप लिहिणं. ते मी केलं. ज्योत मात्र मूव्ही क्लिपमध्ये होती, तिची टाईमलाईन वेगळी, मेन थांबली तरी ती लवलवत राहते.

पण त्याआधी एक दिवस काकांनी बँकेत, कामाच्या वेळेत, साहेबांना दाखवायला साईट उघडली होती. तीन आरत्या, फुल आवाज. घाबरून राईट क्लिक केलं तर मेनूत प्ले, रिवाईंड काहीच नाही, कारण डिस्प्ले मेनूची टिक मीच काढून ठेवलेली, म्हणजे कसं प्रोफेशनल दिसतं ना. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरची वायर उपटली. यावर ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

२००६ च्या एप्रिलमध्ये आणखी एक गंमत झाली. इओलास नावाच्या कंपनीचं ब्राऊझरमध्ये प्लगइन चालवण्यावर पेटंट होतं, २००३ मध्ये ज्युरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी डॉलर भरायला सांगितले होते, आणि त्या भानगडीमुळे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये असा बदल आला की पानात लिहिलेल्या फ्लॅशवर आधी एक क्लिक करा, मग ते हाताला लागणार. बटणं, मेनू सगळं एक क्लिक मागे. उपाय काय तर तोच टॅग पानात न लिहिता बाहेरच्या जावास्क्रिप्ट फाईलमधून लिहायचा. म्हणून मग आम्ही सगळे एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट नावाच्या तयार जावास्क्रिप्टवर आलो, एका ओळीत फाईल, रुंदी, उंची, व्हर्जन, आणि पॅरम एकदाच. माझा तो दोनदा लिहिण्याचा घोळ एका पेटंटच्या कृपेने मिटला असं म्हणायला हरकत नाही.

असो. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच फाईली चालवणं बंद केलं, तेव्हा माझं हे सगळं ज्ञान शून्य झालं असं मी धरून चाललो होतो. आता काकांसाठी रफल बसवायला घेतलं. रफल म्हणजे रस्ट भाषेत लिहिलेला मोफत फ्लॅश प्लेअर, ब्राऊझरमध्ये वेबअसेंब्लीवर चालतो, बघणाऱ्याला काही इन्स्टॉल करायला लागत नाही. इंटरनेट आर्काईव्हवर जुनी फ्लॅश ॲनिमेशन दिसतात ती यानेच. एक जावास्क्रिप्ट फाईल आणि तिच्या शेजारी वॅझम (वेबअसेंब्लीच्या) फाईली टाकायच्या, पानात एक स्क्रिप्ट टॅग, बस, जुना ऑब्जेक्ट एम्बेड तसाच ठेवला तरी रफल तो ओळखून स्वतः तिथे बसतो.

बस म्हणतोय, पण तासभर काहीच दिसलं नाही. पहिली चूक, पान डबलक्लिक करून उघडलं. फाईल म्हणून उघडलेल्या पानाला ब्राऊझर वॅझम आणू देत नाही, छोटा का होईना सर्व्हर लागतो, पायथनचा एका ओळीचा चालतो. दुसरं, होस्टिंगवर टाकल्यावर सर्व्हरला वॅझम हा फाईलचा प्रकारच माहीत नव्हता, एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाईलमध्ये एक ओळ घालून सांगावं लागलं. तिसरं माझंच जुनं पाप. कार्यक्रमपत्रिका वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये होती, एसडब्ल्यूएफ ती बाहेरून उचलते, आणि तिचा पत्ता एसडब्ल्यूएफ कुठे आहे यावरून नाही तर एचटीएमएल पान कुठे आहे यावरून धरला जातो. मी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली होती. बेस नावाचं सेटिंग त्यासाठीच आहे, फ्लॅशमध्येही होतं, रफलमध्येही आहे. ते दिलं तरी पत्रिका येईना. मग दिसलं, आत नाव कॅपिटल ए ने लिहिलंय आणि फाईल स्मॉल ए ची, माझ्या विंडोजवर चालून गेलं, लिनक्सवर कसं चालेल.

मग समई पेटली. म्हणजे तिच्यावर मोठं प्लेचं बटण आलं. रफलचं ऑटोप्ले डिफॉल्टला ऑटो असतं, ब्राऊझर आवाजाला परवानगी देत असेल तरच आपोआप सुरू, नाहीतर बटण. आणि क्रोमने २०१८ च्या एप्रिलपासून आवाजासकट आपोआप वाजणं बंद केलंय, आधी माणसाने पानाला हात लावला पाहिजे. ऑटोप्ले ऑन केलं की ज्योत लगेच हलते, आरती गप्प, आणि वर आवाज चालू करायचं आवरण दिसतं. ते आवरण लपवायचं सेटिंगही आहे. मी लपवलं नाही, लोकांना आवाज आहे हे कळायला तरी पाहिजे.

डब्ल्यूमोड, स्केल, क्वालिटी ही नावं रफलमध्ये जशीच्या तशी बघून मला एकदम शाळेतला मित्र भेटल्यासारखं झालं. यावेळी स्केल शोऑल, म्हणजे बाप्पा सुटसुटीत. पण रुंद चौकटीत बाजूला जागा उरली आणि तिथे झेंडूची फुलं दिसायला लागली, म्हणजे स्टेजच्या बाहेर, विंगेत थांबलेली, आपला नंबर कधी येतो म्हणून. लेटरबॉक्स ऑन केलं की बाजूला पट्ट्या येतात आणि विंग झाकली जाते. केलं ऑन.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. शीर्षक मी श्रीलिपीत (युनिकोड नसलेला जुना मराठी फॉन्ट) टाईप करून दोनदा ब्रेक अपार्ट केलं होतं, म्हणजे अक्षरं न राहता आकार झाले, ते आजही जसंच्या तसं दिसतं. कार्यक्रमपत्रिका मात्र टेक्स्ट फाईलमधून यायची, फॉन्ट एसडब्ल्यूएफमध्ये घातलेला नव्हता, त्यामुळे ज्याच्याकडे श्रीलिपी नाही त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हाही तेच, आजही तेच. ती काढून खाली साध्या युनिकोडमध्ये लिहिली.

फोनवर रफल चालतो पण डाऊनलोड जड, म्हणून फोनसाठी समईचा व्हिडिओ करून ठेवला. जीआयएफ करून बघितली होती, २५६ रंगांत ज्योतीभोवतीच्या उजेडाच्या कांद्यासारख्या चकत्या पडल्या. एमपी४ ला चार शब्द द्यायचे, ऑटोप्ले, म्यूटेड, लूप आणि प्लेजइनलाईन, यातलं म्यूटेड विसरलात तर आपोआप सुरूच होणार नाही आणि प्लेजइनलाईन विसरलात तर आयफोनवर समई पूर्ण स्क्रीन व्यापणार. आणि ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवा असं सांगितलंय त्यांना नुसता एक फोटो.

काकांना लॅपटॉपवर दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग, "आरती आपोआप नाही का वाजत? पूर्वी वाजायची." म्हटलं काका, बँक आठवते का. हसले, म्हणाले राहू दे मग. थोड्या वेळाने, "पण परवा तू फोटो पाठवला होतास त्यात बाजूला फुलं होती, ती का काढलीस? छान दिसत होती."

लेटरबॉक्स परत ऑफ केलंय. डावीकडे एक झेंडू हवेत थांबलेला दिसेल, त्याबद्दल कुणी मला कळवू नका.