बसू नका, टेका: गुलमर्गच्या लिफ्टवरचे पहिले दिवस

मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातली पोरं ट्रेनिंगला चाकणला नाहीतर भोसरीला जातात. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. मी गुलमर्गला गेलो, तिथल्या स्कीच्या लिफ्टवर आणि रोपवेवर काम शिकायला. आमच्या सरांची रोपवेच्या धंद्यात जुनी ओळख, त्यांनी शब्द टाकला. निघण्याआधी मात्र एक अट घातली: रायगडावर जाऊन ये. पाळण्यात बसून वर जायचं नाही, खालच्या स्टेशनात उभं राहून यंत्र बघायचं.

गेलो. रायगडाचा रोपवे १९९६ पासून चालू आहे. एक पाळणा वर निघाला की दुसरा खाली येतो, दोघं एकमेकांचं वजन तोलतात, आणि लोक चढ-उतार करत असताना दोर थांबलेला असतो. गुलमर्गला दोर थांबतच नाही. "हा फरक डोक्यात ठेव, बाकी तिकडे शिकवतील," असं म्हणून सर मोकळे झाले.

घरी तयारी वेगळीच. बाबांनी रविवारी जुन्या बाजारातून जाड तळाचे बूट शोधून आणले, पैसे देताना अर्धा तास घासाघीस केली. आईचं मन काही लागत नव्हतं. पहलगामच्या हल्ल्यात पुण्याचे दोघं गेले, त्यानंतर काश्मीर हा शब्द आमच्या घरात हळू आवाजातच निघायचा. शेवटी रोज रात्री फोन करायचा या बोलीवर, तिळाच्या वड्या आणि मेतकुटाचा डबा देऊन तिने मला झेलम एक्सप्रेसला बसवलं. जम्मूपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पुढे कटऱ्याहून श्रीनगरची गाडी घेतली, ही २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली. चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच, आणि तो येतो कधी नि जातो कधी ते कळत नाही, कारण दोन्ही बाजूंना बोगदेच बोगदे. टंगमर्गला टॅक्सीच्या चाकांना साखळ्या बांधल्या तेव्हा खरी थंडी जाणवली.

पहिल्या सकाळी हातात फावडं मिळालं. बर्फ ओढायचं काम, आणि तेही नवशिक्यांच्या उतारावर, जिथे ड्रॅग लिफ्ट आहे. ही लिफ्ट म्हणजे डोक्यावरून सतत फिरणारा दोर, त्याला ठरावीक अंतरावर लोंबणारे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती. स्कीवाल्याने दांडा धरायचा, चकती दोन मांड्यांमध्ये घ्यायची आणि नुसतं उभं राहायचं. पाय जमिनीवरच, स्की बर्फावरून सरकतात, दोर माणसाला वर ओढत नेतो. म्हणूनच तो मार्ग सपाट लागतो. मधे वीतभर खड्डा पडला तरी नवशिका तिथेच आडवा, आणि मागून येणारा त्याच्यावर. रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ सकाळी दाबून बसवायचा, माणसं जिथे चकती घेतात तिथली कड फावड्याने तासायची, दुपारी ऊन लागून तिथेच घळ पडते ती पुन्हा भरायची. आमचे उस्ताद (नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही) फिरनच्या (काश्मिरी पायघोळ अंगरखा) आत कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून उभे असायचे आणि नुसत्या हनुवटीने दाखवायचे, इथे अजून टाक.

त्या लिफ्टवर खरं कौशल्य लागतं ते बोलण्यात. चकती बघितली की माणूस तिच्यावर बसतो. बसलं की दांड्याची स्प्रिंग ताणली जाते आणि तो थेट बर्फावर. उस्ताद दिवसभर ओरडायचे, "बैठना नहीं, खड़े रहना!" आणि लोक दिवसभर बसायचे. स्कीचा कोर्स करायला आलेले एक काका, नातीबरोबर, दोनदा पडून उठले आणि मला हिंदीत म्हणाले, "इतना पैसा लेते हो, बैठने को ठीक जगह नहीं?" तो 'ठीक' ऐकला आणि विचारलं, "काका, पुण्याचे का?"

"सदाशिव पेठ. तू?"

"बिबवेवाडी. काका, बसू नका, टेका. बस थांबेपर्यंत स्टॉपवरच्या दांडीला टेकतो ना आपण, तसं."

गेले की सरळ वर! नातीने तर पहिल्याच वेळेला जमवलं होतं, तिला समजावायला कुणी लागलं नाही. त्या दिवसापासून उस्तादांनी मराठी गट आला की मला पुढे करायला सुरुवात केली. गर्दी पूर्वीसारखी राहिली नाही असं ते म्हणायचे, पण मराठी कानावर पडलं नाही असा दिवस गेला नाही.

बटणांचा धडा त्यानंतर. साधं थांबवायचं बटण दाबलं की मोटर हळूहळू वेग कमी करते. इमर्जन्सीचं दाबलं की ब्रेक थेट मोठ्या चाकालाच पकडतो, ज्याला सगळे बुलव्हील म्हणतात, आणि अख्खी लाइन हिसका खाते. केबिनच्या लिफ्टवर असं झालं तर वरची माणसं झोके घेत बसतात. त्यामुळे कुठल्या वेळी कुठलं, हे हाताला माहीत असावं लागतं, विचार करायला वेळ नसतो. पण थांबवायचं की नाही या प्रश्नावर उस्तादांकडे एकच उत्तर: "पहले बंद करो, फिर पूछो." कुणी पडलं, ओढणी अडकली, नुसती शंका आली, तरी बंद. माझ्या मते या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. शंभर माणसं रांगेत बघत असताना लिफ्ट थांबवायला लाज वाटते, आणि ती लाज घालवण्यातच पहिले दिवस जातात.

मग गंडोल्याच्या, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेच्या, खालच्या स्टेशनात नेमणूक झाली. पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीचं काम. कोंगडोरी या मधल्या स्टेशनापर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तिथून वर अफरवाट डोंगरावर जाणारा दुसरा २००५ मध्ये. सरांचं म्हणणं इथे डोळ्यांना दिसलं. सहा माणसांची केबिन स्टेशनात शिरते तेव्हा तिची ग्रिप उघडते आणि ती दोरावरून सुटते. दोर त्याच वेगात पुढे पळत राहतो. केबिन मात्र छोट्या टायरांच्या रांगेवरून गोगलगायीच्या चालीने वळसा घेते, दारं उघडतात, माणसं उतरतात, चढतात, मग टायर तिचा वेग वाढवत नेतात आणि ग्रिप पुन्हा दोर पकडते. तो 'खटाक' आवाज रोज इतका ऐकला की वेगळा आला तर मान आपोआप वळायला लागली. दोर म्हणजे एकच अखंड वळसा, पोलादी तारांच्या सहा पेडांचा, दोन टोकं एकमेकांत विणून बंद केलेला. तो सांधा शोधायचा मी फार प्रयत्न केला, दिसला नाही. दिसू नये अशीच ती विणकाम-विद्या आहे.

सकाळी प्रवासी घेण्याआधी लाइन रिकामी फिरवतात, टॉवरवरच्या पुल्या बघतात, वर फोन लावून वारा विचारतात. वाऱ्याला इथे फार मान. २०१७ च्या जूनमध्ये वाऱ्याने उन्मळलेलं झाड रोपवेवर पडलं आणि सात जण गेले. त्यात तीन स्थानिक होते. तो विषय स्टेशनात कुणी काढत नाही, पण वाऱ्याचा आकडा वाढला की खालच्या माणसांचे चेहरे बदलतात. दुसरा टप्पा जवळपास चार हजार मीटरवर जातो, झाडं मागे राहतात, आडोसा नाही, म्हणून आधी तोच बंद होतो. खाली मात्र स्वच्छ ऊन. मग रांगेतून आवाज येतो, "अहो, वारा कुठाय? पान तरी हलतंय का?" यावर मी वाद घालायचं सोडून दिलं. "काकू, वर आहे," एवढंच.

बर्फ जोरात पडत असेल आणि लिफ्ट बंद असेल तर खोलीत नून चाय (मिठाचा काश्मिरी चहा) आणि गप्पा. मी त्यांना सांगितलं की जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत आयडाहोच्या सन व्हॅलीला झाली, आणि ती काढणारा जेम्स करन हा रेल्वेचा इंजिनिअर. जहाजावर केळीचे घड चढवायच्या यंत्रावरून त्याला ती सुचली. हुकाला घडाऐवजी खुर्ची. उस्तादांना हे फार आवडलं. नंतरचे दोन दिवस रांगेतल्या प्रवाशांना ते 'केले' म्हणत होते. जळगावच्या एका गटालाही म्हणाले, तेव्हा मी काही खुलासा केला नाही.

संध्याकाळी बंद करतानाची शिस्त वेगळी. वरचं स्टेशन शेवटच्या प्रवाशांच्या केबिनचा नंबर फोनवर कळवतं, आणि तो नंबर खाली येऊन रिकामा होईपर्यंत बटणापासून कुणी हलत नाही. त्यानंतर रजिस्टर: दिवसभरात लाइन कधी थांबली, किती वेळ, कारण काय. माझ्या पाळीतला एक थांबा असा, की केबिन स्टेशनात आली तरी आतली मंडळी खिडकीशी सेल्फी काढत बसली, दार पुन्हा बंद व्हायला आलं आणि मी बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात 'सेल्फी' लिहू का, असं विचारलं.

"नहीं," उस्ताद म्हणाले. "लिखो, 'सवारी उतरी नहीं'. ऊपरवाले साहब के पास सेल्फी का खाना नहीं है."