आमची वाटचाल : काकांची दोन झाडं आणि आमचं मशीन

वरूडला दोन खोल्यांत आम्ही फळं-भाज्यांतले फवारणीच्या औषधांचे अंश तपासायची लॅब काढली, तेव्हा "हे काम नागपूर-पुण्याचं" असंच बहुतेकांनी ऐकवलं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाग इथे आणि तपासणी शंभर किलोमीटरवर, हे मला पटत नव्हतं. कर्ज काढून जुनं जीसी-एमएस घेतलं, म्हणजे नमुन्यातली रसायनं वेगळी करून त्यांच्या कणांच्या वजनावरून ओळखणारं आणि मोजणारं मशीन.

पहिल्याच आंबिया बहारात गाडी अडली. संत्र्याच्या लगद्यात मोजून डायमेथोएट (एक कीटकनाशक) टाकलं की रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्याच्या तुलनेत मशीन दाखवतं ते प्रमाण, दीडशे टक्के यायची. 70 ते 120 ही मान्य चौकट. स्टँडर्ड (तुलनेसाठीचं, औषधाचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण) नवीन केलं, पिपेट तपासल्या, वजनकाटा तपासला, फरक शून्य. मग तेच औषध नुसत्या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवायच्या द्रवात) टाकून पाहिलं, तर आकडा बरोबर! तिथे उलगडा झाला. नुसत्या सॉल्व्हंटमधलं थोडं डायमेथोएट लायनरच्या, म्हणजे नमुना मशीनमध्ये शिरतो त्या नळीच्या, काचेला चिकटून राहतं. संत्र्याच्या सालीतलं तेल आणि मेण त्या जागा झाकून टाकतं, मग औषध जास्त पुढे जातं. म्हणजे सॉल्व्हंटच्या स्टँडर्डवर मोजलं तर शेतकऱ्याचा चांगला माल आम्ही कागदावर नापास केला असता. या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

उपाय ठरला, स्टँडर्ड संत्र्याच्याच अर्कात करायचं. पण फवारणी न झालेलं संत्रं वरुडात आणायचं कुठून? एका काकांनी धुऱ्यावरची दोन झाडं घरच्यासाठी बिनफवारणीची ठेवली होती. त्यांची फळं आधी मशीनवर तपासून घेतली, मग सालीसकट बारीक करून डीप फ्रीजरमध्ये ठेवली.

मे महिन्यातला बिघाड वेगळा. इंटर्नल स्टँडर्डचा, म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारखंच टाकलेल्या रसायनाचा, एरिया (सिग्नल) निम्म्यावर आला आणि ट्यूनमध्ये (मशीनच्या स्व-तपासणीत) 28 चा, म्हणजे नायट्रोजनचा, पीक ट्यूनच्या रसायनाच्या 69 च्याही वर. सोबत 32, म्हणजे ऑक्सिजन, साधारण चारास एक या प्रमाणात, म्हणजे सरळ हवाच आत शिरत होती. आर्गॉनची बारीक धार एकेका जोडावर सोडत 40 वर, म्हणजे आर्गॉनच्या आकड्यावर, नजर ठेवली. ट्रान्सफर लाइनच्या (ओव्हनमधून डिटेक्टरकडे जाणाऱ्या जोडनळीच्या) नटपाशी तो उसळला. वारंवार लाइट जाऊन ओव्हन थंड-गरम झालं आणि फेरूल (जोड घट्ट बसवणारी बारीक कडी) आकसलं होतं. पाव फेरा आवळला, रात्रभर पंप चालू ठेवला.

त्या दिवशी अकरा रिपोर्ट अडकले होते. एक दादा दारातच म्हणाले, "भाऊ, व्यापारी थांबत नाई, कागद आजच पाह्यजे." मी दिला नाही. ते रागानं गेले. दुसऱ्या दिवशी चेक स्टँडर्ड (मशीन बरोबर मोजतं का ते पाहायचं द्रावण) पास झाल्यावर सगळे नमुने पुन्हा लावले, पैसे घेतले नाहीत.

आता गावातल्याच दोन मुली मशीन सांभाळतात. सकाळी आल्यावर आधी 18 (पाणी), 28 आणि 32 वहीत लिहितात, मग ब्लँक (औषध नसलेला नमुना), मग चेक स्टँडर्ड. शेतकऱ्याच्या नमुन्याला तोवर हात लागत नाही. काका दर बहाराला पिशवी पाठवतात. यंदा धुऱ्यावरचं तिसरं झाडही त्यांनी आमच्यासाठी बिनफवारणीचं राखलं आहे.