एका पिनवर चार आवाज, त्यात संबळ

आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर चिपट्यून, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमसारखं संगीत, करायला बसलं की बहुतेक जण टोन फंक्शनने सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. टोन एका वेळी एकच सूर वाजवतो. वर टायमर २ (चिपमधलं एक मोजणी करणारं घड्याळ) अडवून ठेवतो, म्हणून ३ आणि ११ नंबरच्या पिनचं पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून मधली पातळी मिळवणं) बंद पडतं. चार आवाज हवे असतील तर टोन सोडायचा.

सामान थोडंच लागतं: आर्डुइनो नॅनो, पीएएम८४०३ अ‍ॅम्पचं मोड्यूल, ८ ओहमचा स्पीकर, १ किलोओहमचा रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर). सीएच३४० या यूएसबी चिपवाला स्वस्त नॅनो चालतो. अपलोड होत नसेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. स्पीकर थेट पिनला जोडू नका. पिनला २० मिलिअँपच्या आसपासच झेपतं, ८ ओहमचा स्पीकर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि पिन जळते.

११ नंबरच्या पिनवरून रेझिस्टर, पुढे कपॅसिटर ग्राउंडला, तिथून पॉट, मग अ‍ॅम्प. पॉट गाळला तर ५ व्होल्टचा सिग्नल अ‍ॅम्पला जास्त होतो आणि आवाज फाटतो. पीएएम८४०३ च्या स्पीकरची कोणतीही तार ग्राउंडला लावायची नाही. मोठ्या आवाजात बोर्ड रीसेट होत असेल तर अ‍ॅम्पच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. लाईट गेल्यावर पॉवर बँकेवर चालवायचं असेल, तर लक्षात घ्या, लोड इतका कमी असतो की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

आता खरं काम. टायमर २ फास्ट पीडब्ल्यूएमवर, प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) १. १६ मेगाहर्ट्झला कॅरिअर, म्हणजे पिन चालू-बंद होण्याचा वेग, ६२.५ किलोहर्ट्झ येतो, कानाला ऐकू येत नाही. टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजून पुन्हा शून्यावर), तो आकडा ठेवायच्या ओसीआर१ए रजिस्टरमध्ये ९९९, म्हणजे सेकंदाला १६,००० इंटरप्ट (चालू काम थांबवून आपला कोड चालवणारे इशारे). प्रत्येक इंटरप्टला १००० क्लॉक सायकल मिळतात, सगळं तेवढ्यात उरकायचं. आत फ्लोट, भागाकार किंवा सीरियल प्रिंट टाकलं की सूर घसरलाच.

प्रत्येक आवाजाला १६ बिटांचा फेज काउंटर (लहर कुठवर आली ते सांगणारा आकडा) ठेवा. दर वेळी त्यात मिळवायचा आकडा म्हणजे फ्रीक्वेन्सी गुणिले ६५५३६ भागिले १६०००. ४४० हर्ट्झसाठी १८०२. फेजचा वरचा बाइट १२८ पेक्षा कमी असताना आउटपुट चालू ठेवलं तर पोकळ, गोल आवाज येतो. ३२ धरला तर सनईसारखा नाकातला. चारही आवाजांची कमाल पातळी प्रत्येकी ६३ ठेवा, बेरीज २५२ होते. बेरीज २५५ च्या वर गेली की आकडा शून्यावरून पुन्हा मोजला जातो आणि कडकड ऐकू येते. नॉइजसाठी (खरखरीसाठी) १५ बिटांचं शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बिट सरकवत यादृच्छिक वाटणारे आकडे देणारी युक्ती, घ्या, पण सुरुवात शून्याने नको. शून्यातून ते कधीच बाहेर पडत नाही.

गाण्याचे टिक, म्हणजे सूर बदलायचे ठोके, सेकंदाला ५० ठेवा. तुळजापूरच्या गोंधळातला संबळ यात मस्त बसतो. बारीक अंगाला एक टिक नॉइज पुरे. जाड अंगाला चार टिकमध्ये सूर खाली आणायचा: १८०, १३०, ९५, ७० हर्ट्झ. इथं त्रिकोणी लहर घेऊ नका. छोट्या स्पीकरला ७० हर्ट्झ काढताच येत नाही, आणि त्रिकोणी लहरीत वरचे स्वरांश फार कमी असल्याने शेवट मुका होतो. चौकोनी लहरीत ते भरपूर असतात, त्यामुळे घुमक कानात पोचते.