दहा मीटरवरचा वारा

मोबाइलवरच्या हवामानाच्या अंदाजात बाणाचं टोक पूर्वेकडे आणि शेजारी लिहिलेलं 'पश्चिमेचा वारा'. कित्येक दिवस मी हे उलटंच वाचत होतो. बाण वारा कुठे निघालाय ते दाखवतो आणि नाव मात्र तो आला कुठून त्याचं. वायव्य ही तर नावातच वायूची दिशा, पण वारा तिच्याकडून येतो की तिच्याकडे जातो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पडला तो ताडपत्रीमुळे. अंदाज ताशी 14 किलोमीटरचा होता, म्हणून गवताच्या गंजीवर ती टाकली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून निर्धास्त झालो. दुपारी शेजारचे काका फाटकाशी उभे. "तुझी ताडपत्री आमच्या पत्र्यावर मुक्कामाला आलीय." मी पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. तेव्हा दिसलं, 14 च्या बाजूला बारीक करड्या अक्षरात 38 होतं.

तो झोताचा आकडा. मोठा आकडा सरासरीचा, साधारण दहा मिनिटांच्या वाऱ्याचा. झोत दोन-तीन सेकंदांचा. ताडपत्री सरासरीने उडत नाही. त्यात वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणजे 14 च्या भरवशावर ठेवलेल्या दगडांना सातपटीहून जास्त जोर सोसायचा होता. आता मी करडा आकडा आधी बघतो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. हा अंदाज जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, तोही मोकळ्या रानातला असतो. माझं डोकं दीड-पावणेदोन मीटरवर, मध्ये झाडं, भिंती, गोठा. झाडांच्या दाट रांगेमागे तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावलेला राहतो. दोन घरांमधल्या बोळात तोच वारा अंगावर धावून येतो. जगभराचा अंदाज काढणारी गणितं पृथ्वीचे चौकोन पाडतात, त्यातल्या चांगल्यांतला चौकोनही नऊ-दहा किलोमीटरचा. त्यात आमचं गाव, पलीकडची टेकडी आणि ओढा सगळंच मावतं. टेकडीमागे काय होतं, ते ज्याचं त्याने बघायचं.

मला त्यातल्या त्यात रात्रीचा वारा लबाड वाटतो. मोबाइल 10 म्हणतो आणि अंगणात पान हलत नाही. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होऊन जड होते आणि खाली बसून राहते. वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. सकाळी ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि वरचा वारा खाली उतरतो. नऊ-दहाला अचानक 'वारा सुटला' असं आपण म्हणतो तो बहुतेक वेळा हाच.

ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने 1805 मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या त्या जहाजांसाठी. जमिनीवरच्या खुणा नंतर आल्या आणि मला त्याच जास्त भरवशाच्या वाटतात. नुसता धूर कलला तर ताशी 1 ते 5 किलोमीटर. गालाला वारा लागला, पानं सळसळली की 6 ते 11. धूळ आणि कागद उडू लागले की 20 च्या पुढे. म्हणून मी कुंपणाच्या बांबूला एक चिंधी बांधली आहे.

काल सकाळी सातला ती मेल्यासारखी लटकत होती. काका फवारणीचा पंप भरून तयार. "वारा पडलाय, आत्ताच उरकतो." मी कोपऱ्यातल्या धुराकडे बोट दाखवलं. वर न जाता तो कंबरेइतक्या उंचीवर चादरीसारखा पसरला होता. औषधाचे बारीक थेंबही असेच तरंगत राहतील आणि कुणाच्या शेतात, कुणाच्या दारात उतरतील सांगता येत नाही. अशा निपचित हवेपेक्षा हलकी, एका दिशेची झुळूक बरी. काकांनी पंप खाली ठेवला, पण तोंडाने काही कबूल केलं नाही.

साडेनऊच्या सुमारास चिंधीचं टोक उचललं गेलं, पडलं, पुन्हा उचललं आणि पूर्वेकडे वळून तसंच राहिलं. धूर विरला होता. काकांनी एकदा चिंधीकडे बघितलं आणि पंपाचे पट्टे खांद्यावर चढवले.