तुम्ही विचारलंत म्हणून: रामन यांच्यावर एवढा राग कशाला?

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल मी कुठेही बोलले की नंतर चहाच्या वेळी कोणीतरी येऊन विचारतंच, "मॅडम, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला तुम्ही धारेवर धरता, पण त्या काळात असंच होतं ना सगळीकडे?" इतक्या वेळा विचारून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. माहेरच्या कमला भागवत, जन्म 1911, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आताच्या आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले, त्यामुळे 1933 ला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी मेरिटमध्ये झाल्यावर मुलगी पुढे कुठे जाणार हा घरात प्रश्नच नव्हता. अर्ज केला आणि नकार आला. मार्क कमी म्हणून नाही, मुलगी म्हणून. डायरेक्टर होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. ही घरी रडत बसली नाही, सरळ बंगळूर गाठलं, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हटलीच नाही. शेवटी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी नाही, काम पसंत पडलं तरच ते वर्ष धरणार, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबायचं, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. (मुलांचं लक्ष सांभाळायचं काम पण तिचंच! आणि हे मी स्टाफरूममध्ये आत्ता आत्तापर्यंत ऐकलंय.)

तिने दुधातली, कडधान्यांतली प्रोटीन्स यावर काम केलं, वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळायला लागला. हे मी दर वेळी सांगते, त्यांच्या बाजूचं म्हणून. पुढे 1940 मध्ये अ‍ॅना मणी, नंतर हवामानशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या, तर रामन यांच्याच लॅबमध्ये काम करायला आल्या. बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात, सगळं गोड झालं म्हणून. पण ज्यांच्यावर बेतलं त्यांनी ती तशी संपवली नव्हती हो. 1997 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, स्वतःच्याच सत्काराच्या वेळी कमलाबाई स्पष्ट बोलल्या की रामन शास्त्रज्ञ मोठे पण मनाने संकुचित, आणि तो अपमान आपण विसरू शकत नाही. आता त्या विसरल्या नाहीत तर मी कोण परस्पर माफ करणार?

आणि खरं सांगू का, माझा जास्त राग रामन यांच्यावर नाहीच आहे. मधलं जरा भराभर सांगते, 1936 ला एमएस्सी, मग केंब्रिज, तिथे बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रोटीन) असतं हे दाखवून दिलं, चौदा महिन्यांत आणि अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर 1939 ला पीएचडी. (माझ्या स्वतःच्या थिसिसची जाडी इथे सांगत नाही.) तिकडे थांबता आलं असतं, पण परत आल्या, दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन लॅबमध्ये, आणि लग्नानंतर मुंबईत, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. नीरेवरचं त्यांचं काम इथलंच. स्टेशनवर सकाळी जी थंडगार नीरा पितो ना आपण, तिच्यातली जीवनसत्त्वं आणि लोह त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती देऊन तब्येत सुधारते का ते पाहिलं, आणि सुधारली. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं सगळं झाल्यावर त्याच संस्थेत डायरेक्टरपदाची वेळ आली, तर अंतर्गत राजकारणापायी ते पद चार वर्षं त्यांना मिळू दिलं नाही. आता मला सांगा, 1933 ला निदान समोर येऊन "मुली घेत नाही" म्हणणारा एक माणूस होता, त्याच्यासमोर उभं राहता आलं, वर्षभरात त्याचं मत बदलता आलं. इथे कोणासमोर उभं राहायचं? स्वतंत्र देश, आपलंच शहर, त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलेली संस्था, आणि नाही म्हणणारा कोणी एक असा नाहीच, नुसती फाइल लांबत राहते. शाळेच्या पुस्तकात रामन यांचा किस्सा छान बसतो, ही चार वर्षं कुठे बसवणार, म्हणून त्याबद्दल मला कोणी काही विचारतच नाही.

राहिलं तुमचं "त्या काळात असंच होतं". बंगळूरला त्यांचे गाइड होते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण मुलगी आहे म्हणून हात आखडता घेतला नाही, वाचायला लावलं, थोर शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायला लावला, आणि कमलाबाईंनी त्यांचं नाव कायम आदरानेच घेतलं. तेही 1933 मधलेच होते की, आणि त्याच इन्स्टिट्यूटमधले.