तुम्ही विचारलंत म्हणून: तो कोड मी का काढून घेतला

रविवारी, घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कंपनीचा कसा होतो? खानापुरात, बेळगावच्या टिळकवाडीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "घाबरलास होय गा?" कन्नड उतारा देवनागरीत आणणारा माझा प्रोग्रॅम, कंपनीने त्यावर हक्क सांगितल्यावर, मी काढून घेतला. त्याबद्दल एकदाच सविस्तर सांगतो.

जमिनीचा उतारा कन्नडात येतो आणि आपल्याकडे कितीतरी घरांत तो वाचणारं कुणी नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. माझा प्रोग्रॅम फक्त अक्षरं देवनागरीत आणायचा. आपलं नाव बरोबर आहे का, वाटणीत भावाचं नाव चढलं का, एवढं माणसाला स्वतः वाचता यायचं. तो मी जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा अशा अटींवर, सगळ्यांना खुला केला होता.

कायदा माझ्या बाजूने होता असं मी अजूनही म्हणतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो आणि 17 व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेली कृती, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्या मालकाची होते. उतारा वाचणं माझ्या नोकरीचा भाग नव्हता. पण रुजू होताना सही केलेल्या करारात ओळ होती की नोकरीत असेपर्यंत, कामाच्या वेळेत वा बाहेर, कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित जे काही तयार करीन त्याचे हक्क कंपनीला दिले आहेत. कलम 19 ला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. ते तिथे होतंच.

मग कंपनीने बँकांसाठी शेतीकर्जाची कागदपत्रं वाचणारं काम घेतलं, आणि माझा रविवार एकाएकी त्यांच्या व्यवसायाशी संबंधित झाला.

व्हिडिओ कॉलवर तिघं होते. कायदा विभागातल्या बाई अतिशय सभ्यपणे बोलत होत्या. त्यांनी माझ्याच प्रकल्पाचा इतिहास स्क्रीनवर लावला. प्रत्येक बदलापुढे तारीख आणि वेळ. रात्री, पहाटे, रविवार, रविवार, आणि एक मंगळवार, दुपारी तीन. "हा बदल कुठल्या मशीनवर केलात?" ऑफिसच्या, मी म्हणालो. निपाणीहून एकाचा फोन आला होता. वारसाचं नाव चुकीचं दिसत होतं आणि त्याला संध्याकाळच्या आत कागद द्यायचा होता. पाच ओळींची दुरुस्ती. त्याच आठवड्यात मी रात्री अकराला कंपनीचा बंद पडलेला सर्व्हर उठवत बसलो होतो, ती वेळ कुणी स्क्रीनवर लावली नाही. मी ते बोललो. बाई म्हणाल्या, "तो वेगळा विषय आहे." मला आजही तो वेगळा वाटत नाही. घरून काम म्हटल्यावर माझं घर त्यांचं ऑफिस होतं, मग त्यांची दुपार माझी का नाही?

त्यांनी पत्र पुढे केलं: हा कोड पहिल्यापासून कंपनीचाच होता, असं मी लिहून द्यायचं. नाव माझंच राहणार होतं. तसंही कलम 57 प्रमाणे लेखक म्हणवून घेण्याचा हक्क हस्तांतरानंतरही उरतो. मी सही केली नाही. तडजोड एवढीच झाली की मी प्रकल्प खाली उतरवायचा आणि त्यांनी पुढे काही करायचं नाही.

म्हणजे घाबरलोच की, असं माझ्यातला जुना मी म्हणतो. हा जीपीएल परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची नोकरी सोडली ती संस्थेने ग्नू या त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पावर हक्क सांगू नये म्हणूनच. तू का नाही सोडलीस? हप्ते होते, आईची औषधं होती. पण मुद्दा तोही नाही. परवाना देणारा मालक नसेल तर परवाना पोकळ. खानापुरातल्या ज्या झेरॉक्सवाल्याने माझा प्रोग्रॅम वापरला, ज्या पोरांनी आपल्या ॲपमध्ये घातला, त्यांच्या दारात उद्या नोटीस आली असती. त्यांना मी "हे तुमचंच" म्हणून दिलं होतं. कोर्टात जिंकलोही असतो कदाचित. तोवर त्यांनी काय करायचं होतं? जुना मी म्हणतो, त्यांना विचारून तरी पाहायचंस. याला माझ्याकडे उत्तर नाही.

नव्याने का लिहीत नाही? मी लिहिलं की ती जुन्याचीच नक्कल ठरवता येईल. पण कॉपीराइट लिहिलेल्या कोडवर असतो, कल्पनेवर नाही, आणि युनिकोडचा, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणारा, तक्ता सगळ्यांचा आहे. देवनागरी 'क' तिथे 2325 वर, कन्नड 'क' 3221 वर, फरक 896. दोन्ही तक्ते इस्की या भारतीय मानकाच्या मांडणीवर बेतलेले, म्हणून बहुतेक अक्षरांना हाच फरक चालतो. कन्नडातले ऱ्हस्व ए-ओ साध्या ए-ओवर आणा. 'पाटील्'सारख्या आडनावांचा शेवटचा हलन्त काढा, नाहीतर म्हातारी माणसं अडखळतात. बेळगावातल्या कॉलेजांतल्या पोरांनो, माझ्या जुन्या फायली न बघता लिहा, नोकरी लागायच्या आधी लिहा, आणि रुजू होताना करारात 'आधीपासून माझं' म्हणून त्याचं नाव घालून घ्या.